मधली चाल

“दोन्ही चाली बरोबर होत्या की नाही?”

“बरोबर होत्या. उलट्या खेळलीस.”

“उलट्या म्हणजे काय, ताई? राजाला किल्लेकोटात न्यायचं होतं, नेलं. कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवायचं होतं, ते आता सरकवते. आधी इस्त्री करून मग बटणं लावली काय नि आधी बटणं लावून मग इस्त्री केली काय, शर्ट तोच.”

“शर्ट तोच. बटणं वितळतात. परवा मुख्याध्यापकांच्या कोटाची कुणी वितळवली?”

“ती मेली स्वस्तातली होती.”

“बटणांना मेली म्हणू नकोस. बटणवाल्यांना वाईट वाटेल.”

वहिनीने एकदम पटाकडे बघितलं, जणू तिथे फार महत्त्वाचं काही चाललं होतं.

“आता चाल मागे घे,” ताई म्हणाली. “घे म्हणते ना. हं. आता नीट बघ. तू राजा आत नेलास. छान. मग मी उंट आणून इथे बसवला. तुझा घोडा खिळला की नाही? तो हलला तर मागे वजीर उघडा. आता सरकव तुझं प्यादं. सरकवलंस? माझा उंट एक घर मागे जातो, पण रोख तोच. तेच प्यादं तू आधी सरकवलं असतंस, तर उंटाला बसायला जागाच नव्हती.”

“तुम्ही उंट तिथेच आणाल हे मला काय स्वप्नात दिसलं होतं?”

“मीच कशाला, कुणीही आणला असता. मोकळी जागा दिसली की समोरचा येतोच. तुला वाटतं, तू लागोपाठ दोन चाली खेळतेस. मधली एक माझी असते. ती तू धरतच नाहीस.”

“बरं बाई. हरले.”

“एवढ्यात कुठे? अजून अर्धा तास लागेल तुला हरायला.”

काउंटरवर कुणीतरी टकटक केलं. वहिनीने सवयीने पटावर पांढरं फडकं टाकलं. पट उघडा दिसला की गिऱ्हाईक आपला कोट विसरतं आणि घोडा कुठे ठेवायचा ते सांगत बसतं, असा त्या दोघींचा अनुभव होता.

दुकान तसं बोळासारखंच. पुढे काउंटर, मग टांगलेल्या कपड्यांची रांग, तिच्यातून वाकून गेलं की धुलाईचं पिंप, वाफेचं टेबल आणि भिंतीला चिकटलेला बॉयलर. दुपारच्या जेवणानंतर बॉयलर थंड होऊ द्यावा लागे, तेवढा वेळ पट मांडायचा. मागच्या जिन्याने वर गेलं की दोन खोल्या. एकीत ताई आणि स्वयंपाकाचा ओटा. दुसरीत वहिनी.

ताईला गल्लीत डागताई म्हणत. “नाव तर असं ठेवलंय, जणू डाग मीच पाडते,” असं ती म्हणायची, पण ते नाव तिला आवडायचं. हनुवटी काउंटरला टेकायला लागली तेव्हापासून ती दुकानात. आधी वडिलांच्या हाताखाली, मग वडिलांच्या जागी. कपडा आला की ती तो उजेडात धरायची, डागाचा वास घ्यायची आणि मग गिऱ्हाइकाला विचारायची, “कशाचा आहे?” उत्तरावर तिचा काडीचाही विश्वास नसे. सगळेच चहाचा म्हणत. एका गृहस्थांनी लिपस्टिकचाही चहाचाच म्हणून सांगितला होता, आणि ताईने तितक्याच गंभीरपणे विचारलं होतं, “साखर किती होती?”

कामाचा तिचा क्रम ठरलेला. आतल्या शिवणीवर थेंब टाकून रंग जातो का बघायचं. मग गार पाणी, मग साबण, मग औषध. वाफ सगळ्यात शेवटी. रक्ताच्या डागावर आधी गरम पाणी पडलं की तो डाग राहत नाही, कपडाच होतो. लोक घरी हेच करून येतात. घाईघाईने, चांगल्या मनाने, कढत पाण्याने घासून आणतात आणि वर सांगतात, “सगळं करून पाहिलं हो.” “सगळंच केलंत,” ताई म्हणायची, “तेवढंच चुकलं.”

लग्न तिने केलं नाही, किंवा ते झालं नाही, कोणत्या बाजूने सांगावं हा प्रश्नच. एका स्थळाला दुकान नको होतं. दुसऱ्याला तिच्या हातांचा वास नको होता. तिसरा बरा होता, त्याला बुद्धिबळ येत होतं. ताईने त्याला चहा थंड व्हायच्या आत मात दिली. तो हसला, उठला, चप्पल घालून गेला आणि पुन्हा काही आला नाही.

“हरायचं की थोडं,” तेव्हा भाऊ म्हणाला होता.

“थोडं कसं हरतात?” ताईने खरोखरच विचारलं होतं.

भाऊ तिच्याहून बराच लहान. पट त्याने शाळेतून आणला, चाली तिला शिकवल्या आणि त्यानंतर आयुष्यभर तिच्याकडून हरला. कामात मात्र हुशार. रफूचं काम दुकानात नव्हतं, ते त्याने आणलं. म्हणजे रफू करणारी मुलगीच लग्न करून आणली. जळक्या भोकावर ती अशी जाळी विणायची की नंतर भोक कुठे होतं ते तिलाच शोधावं लागे. ताईने पहिल्याच आठवड्यात तिचं एक काम भिंगाखाली धरून पाहिलं आणि म्हणाली, “भाऊ, या डावात तू पहिल्यांदाच चांगली चाल खेळलास.” वहिनीला ते कौतुक आहे हे कळायला वर्ष लागलं.

मग चार वर्षांपूर्वी एका सकाळी शटर वर ढकलताना भाऊ खाली बसला आणि उठलाच नाही.

नंतरचे काही दिवस लोक येत होते. येणारा प्रत्येक जण वहिनीला एकच विचारायचा, कुणी सरळ, कुणी आडून, की आता कुठे राहणार? माहेरी कुणी उरलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं. वहिनी उत्तर द्यायची नाही, ताईकडे बघायची. ताईही उत्तर द्यायची नाही. एके दिवशी लोक यायचे थांबले. त्या सकाळी ताईने वर जाऊन सिगारेटने जळलेला एक कोट वहिनीपुढे ठेवला आणि म्हणाली, “उद्या हवाय.” वहिनीने डोळे पुसले आणि सुई ओवली.

एवढंच झालं. “राहा” असं ताईने म्हटलं नाही. “राहू का” असं वहिनीने विचारलं नाही. दुपारी बॉयलर थंड व्हायला लागला की पट तसाच पडलेला दिसायचा आणि दोघींना तो बघवायचा नाही, म्हणून ताईने एक दिवस वहिनीला समोर बसवलं. “हे प्यादं. हे पुढेच जातं. याला मागे येता येत नाही, म्हणून आधी विचार करायचा.” वहिनी म्हणाली होती, “मग हे मला लगेच कळेल.”

बटणवाले गोष्टीत शिरले ते सायकलवरून. बटणं, चेन, हुक, दोरे, अस्तर असं सगळं ते गल्ल्यागल्ल्यांत पुरवायचे. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. उंच, थोडे वाकलेले, बोलताना आधी घसा साफ करणारे. पूर्वी महिन्यातून एकदा येत. मग आठवड्याला येऊ लागले. मग “जवळून चाललो होतो” असं म्हणून येऊ लागले, आणि त्यांच्या वाटा एकाएकी सगळ्या इथूनच जायला लागल्या. बसले की पट मागत. खेळायचे कसे, तर प्यादी पुढे ढकलत सुटायचे, आणि हरले की फार आनंदाने म्हणायचे, “वा.”

“हा माणूस वा म्हणायलाच खेळतो,” ताई म्हणायची.

“चांगलंय की. तुमच्यासारखं नाही, जिंकून पण तोंड वाकडं.”

सायकलची घंटा वाजली की वहिनी डागाळलेला ॲप्रन काढून धुतलेला घालते, हे ताईने पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तिने डोक्यात पट मांडला.

तिला हवं होतं ते असं. वहिनीने बटणवाल्यांशी लग्न करावं आणि इथेच राहावं. वरची खोली रंगवून घ्यायची, दोघांना द्यायची. बटणवाल्यांचा माल ठेवायला जिन्याखालची जागा होतीच. रफूचं टेबल तिथेच राहील, दुपारचा डाव तसाच राहील, आणि घरात जेवायला दोनाऐवजी तीन ताटं होतील. आपल्यानंतर ती एकटी पडणार नाही, हे एक. आणि ती गेली तर आपण एकट्या पडू, हे दुसरं. दुसरं ताईने कुणाला सांगितलं नसतं. पण पटावर ते होतं.

आता आधी काय? वहिनीला आधी विचारलं आणि मग बटणवालेच नाही म्हणाले तर? भाऊ गेल्यानंतर प्रत्येक येणाऱ्याने तिच्या तोंडावर तिची जागा विचारली होती. पुन्हा एका माणसासमोर तिला नको झालेली करायची? छे. म्हणून आधी बटणवाल्यांचं मन बघायचं. ते सुरक्षित. मग खोली. वहिनीला नुसतं सांगण्यापेक्षा रंगवलेली खोली दाखवावी आणि म्हणावं, ही तुझी, यात कुणाला आणायचं ते तू ठरव. सगळ्यात शेवटी वहिनी. इथेच राहायचं आहे ही गोष्ट बटणवाल्यांनासुद्धा सांगायची नाही. ती पहिल्यांदा वहिनीच्याच कानावर जायला हवी. तिचा मान आहे तो.

इतक्या बारकाईने ताईने कुठलाच डाव खेळला नव्हता.

संधीही आली. गावोगाव प्रयोग करत फिरणारी एक नाटक कंपनी आली होती आणि तिच्या मोठ्या पडद्याला मधोमध भोक पडलं होतं. पडदा दुकानात मावणारा नव्हता, म्हणून वहिनीच नाट्यगृहात जाऊन रफू करत होती. पहिल्याच दिवशी ती परतली ती हसत.

“कंपनीतल्या कपडेवाल्या मावशी म्हणतात, आमच्याबरोबर चल. सगळे पोशाख तू बघायचेस. आज तीनदा विचारलं त्यांनी.”

“मग?”

“मग काय, तीनदा नाही म्हटलं. म्हटलं, माझ्याशिवाय आमच्या ताई कुणाला हरवणार?”

ताईने वरण ढवळता ढवळता “हं” केलं. तिला त्या रात्रीच सगळं बोलून टाकावंसं वाटलं. पण खोली अजून रंगवायची होती.

दुसऱ्या दिवशी वहिनी नाट्यगृहात गेल्यावर ताईने बटणवाल्यांना बोलावून घेतलं.

“बसा. चहा नंतर. एक विचारते, सरळ उत्तर द्या. आमच्या वहिनीचा सांभाळ कराल?”

बटणवाल्यांनी घसा साफ केला. पुन्हा केला. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला त्यांनी खिशातून फूटपट्टी काढून बघायला सुरुवात केली.

“आनंदाने,” ते म्हणाले.

“झालं माझं काम. दोन दिवस तोंड बंद ठेवा. आधी मी तिच्याशी बोलते.”

“दोन दिवस?”

“इतकी वर्षं ठेवलंत ना?”

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी गेली आणि मागोमाग रंगारी आला. ताईने वहिनीची ट्रंक, खाट, सुयांचा डबा, टॉवेलात गुंडाळलेला भावाचा फोटो, सगळं जिन्याच्या वळणावर नीट रचून ठेवलं. संध्याकाळपर्यंत परत लावून होईल. मग ती खोलीच्या खिडकीला कापड घ्यायला बाजारात गेली. वाटेत दोन ओळखीच्यांनी तिला थांबवून विचारलं, काय ताई, आज हसताय?

नाट्यगृहात रंगमंचभर पडदा पसरला होता आणि त्याच्या मधोमध वहिनी मांडी घालून बसली होती, लाल पाण्यात बेट असावं तशी. बटणवाले पडद्याच्या पितळी कड्या घेऊन आले. कड्या त्यांनाच पोचवायच्या होत्या, त्यात त्यांचा दोष नाही. पडद्यावर पाय पडू नये म्हणून त्यांनी बूट काढले. डाव्या मोज्याला भोक होतं.

“द्या इकडे, रफू करते,” वहिनी म्हणाली.

“नको, नको. म्हणजे, आत्ता नको.”

“मग कधी?”

बटणवाले उभे राहिले. कड्यांची पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. एक दिवस त्यांनी कसाबसा काढला होता, आणि आता हा प्रश्न तिनेच विचारला होता.

“लग्नानंतर,” ते म्हणाले.

वहिनीची सुई थांबली. तिला हसू आलं, कान गरम झाले, आणि क्षणभर सगळं ठीक होतं.

“कुणाच्या?” तिने विचारलं.

“ताई बोलल्या नाहीत? त्यांनी मला बोलावून घेतलं होतं. स्वतःहून. म्हणाल्या, वहिनीचा सांभाळ कराल का? मी हो म्हटलं. माझं घर तसं मोठं आहे, एकटाच असतो, तुम्हाला काही कमी पडणार नाही. त्या म्हणाल्या, झालं माझं काम.”

“झालं माझं काम, असं म्हणाल्या?”

“हो. म्हणजे, चांगल्या अर्थाने. तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

“नव्हतं.”

“अरेरे,” बटणवाले म्हणाले. “मग मी आधी बोललो वाटतं.”

वहिनीने सुई पडद्यात खोचून ठेवली आणि घरी आली. तिला ताईला विचारायचं होतं, इतकंच. कदाचित थोडं रागवायचं होतं आणि मग थोडं हसायचं होतं. जिन्याच्या वळणावर तिला तिची ट्रंक दिसली. ट्रंकेवर खाटेच्या पट्ट्या, त्यावर सुयांचा डबा, त्यावर टॉवेल. तिने टॉवेल उघडून पाहिला आणि परत मिटला.

“ताई कुठायत?” तिने रंगाऱ्याला विचारलं.

“बाहेर गेल्यात. आत येऊ नका, ओलं आहे.”

“कुणी सांगितलं रंगवायला?”

“ताईंनीच. म्हणाल्या, आज रिकामी करून देते, आजच संपव.”

ती पायरीवर बसली. ट्रंकेला टेकून, बराच वेळ. चार वर्षं जो प्रश्न विचारायचा तिने टाळला होता, त्याचं उत्तर कुणीतरी व्यवस्थित रचून वळणावर ठेवलं होतं. रंगारी एकदा पाणी प्यायला बाहेर आला तेव्हा तिला ओलांडून गेला आणि “माफ करा हं” म्हणाला. मग ती उठली, चेहरा धुतला आणि नाट्यगृहात परत गेली. कपडेवाल्या मावशी पेट्या भरत होत्या. वहिनीने त्यांना म्हटलं, “चौथ्यांदा विचारता का?”

त्यांनी विचारलं.

संध्याकाळी ताई घरात शिरली ती काखेतल्या कापडासकट बोलत. “पिवळं घेतलंय. बारीक पांढरी फुलं आहेत. उजेडात धर बघू, चालेल का? तो दुकानदार निळं गळ्यात मारत होता.”

वहिनी ओट्याशी उभी होती. “कुणाला विचारताय?”

“म्हणजे? तुलाच. दुसरं कोण आहे?”

“मला कशाला विचारायचं? ज्यांना खोली देणार असाल त्यांना विचारा.”

ताईने कापड खाली ठेवलं. तिने वहिनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे, आणि डागाकडे बघून तो कशाचा हे जितक्या लवकर तिला कळायचं तितक्याच लवकर तिला हेही कळलं.

“ते भेटले तुला.”

“भेटले. सांभाळ करणार आहेत माझा.”

“वहिनी, ऐक. खोली तुझीच आहे. तुम्हा दोघांची. मी त्यांना ते सांगितलंच नव्हतं, कारण आधी तुला सांगायचं होतं.”

“आधी?”

“हो. आधी तुला.”

“त्यांना विचारलंत, रंगाऱ्याला सांगितलंत, कापड आणलंत. माझा नंबर कितवा होता, ताई?”

“त्यांनी नाही म्हटलं असतं तर तुला लागलं असतं. म्हणून आधी त्यांचं मन बघितलं.”

“आणि माझं? मला ते आवडतात की नाही, हे पण त्यांनाच विचारणार होतात?”

“ॲप्रन बदलतेस तू.”

“बदलते. मग? तो माझा ॲप्रन आहे.”

ताई खुर्चीवर बसली. “मी चुकले. उलटं केलं सगळं. तू आधी, मग बाकीचं, असं हवं होतं. पण आता झालंय ते सगळं चांगलंच आहे ना? खोली तुझी, माणूस चांगला, दुकान तुझं. शेवटी तिथेच आलो की आपण.”

“मी नाही आले तिथे,” वहिनी म्हणाली. आवाज चढवला नव्हता. “मी मधे हो म्हणून आले. कंपनी उद्या सकाळी निघतेय. मी जातेय त्यांच्याबरोबर.”

“तू तीनदा नाही म्हणाली होतीस.”

“तुमच्यासाठी.”

“मग आताही नाही म्हण. मी येते बरोबर, त्या मावशींना मी सांगते.”

“तुम्ही नका कुणाला काही सांगू, ताई. प्लीज.” वहिनीने पातेल्यावर झाकण ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. “तुम्ही खरं बोलताय, मला कळतंय. खोली माझीच असणार. पण आज दुपारी मी त्या जिन्यात बसले होते तेव्हा ती माझी नव्हती. काहीच माझं नव्हतं. मला ओलांडून तो रंगारी जात होता. तुम्ही आता सांगितलंत म्हणून ती दुपार पुसली जात नाही हो. मला रोज त्याच जिन्याने वर यायचंय.”

“जिना काही मला बदलता येणार नाही, पण…”

“बघा. तुम्ही लगेच जिन्याचा विचार करायला लागलात.”

दोघींनाही किंचित हसू आलं. ते वाईट झालं, कारण त्यानंतर दोघी रडल्या, एकमेकींकडे पाठ करून, ताई ओल्या रंगाच्या वासाकडे तोंड करून आणि वहिनी ओट्याकडे.

सकाळी कंपनीचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. दोन माणसं येऊन ट्रंक घेऊन गेली. ताईने शटर उघडलं होतं, बॉयलर पेटवला होता आणि कुणाचा तरी राखाडी कोट टेबलावर पसरून ती कॉलर घासत होती. कॉलर केव्हाच स्वच्छ झाली होती.

वहिनी खाली आली. खांद्याला पिशवी.

“बारीक सुया घेतल्यास?”

“घेतल्या. मोठी कात्री ठेवलीय.”

“मला काय करायचीय? मला कुठे रफू येतं?”

“कुणी येईल शिकलेली, तिला लागेल.”

“कुणी येणार नाही.” ताईने ब्रश पाण्यात बुडवला. “पोळ्या बांधून ठेवल्यात, तिथे डब्यात. लोणचं नाही घातलं, पिशवीत सांडेल.”

वहिनीने डबा घेतला.

“बटणवाल्यांना काय सांगू?”

“विचारलं तुम्ही होतंत,” वहिनी म्हणाली. मग तिचा सूर मऊ झाला. “सांगा, मोजा बदला म्हणावं. थंडी आहे.”

ती काउंटरची फळी उचलून बाहेर पडणार तेवढ्यात ताईने ब्रश ठेवला. हात पुसले. ॲप्रनला, मग परत ॲप्रनला. डागांची नावं विचारणारी, उत्तरावर कधीच विश्वास न ठेवणारी ती बाई आता अशा चेहऱ्याने उभी होती, की मिळेल ते उत्तर ती खरं मानणार होती.

“वहिनी. एवढंच सांगून जा. मी आधी तुला विचारलं असतं, इथे राहा म्हणून, भाऊ गेला तेव्हाच विचारलं असतं, तर राहिली असतीस ना गं?”

वहिनीने फळी हातात धरलेली होती. तिने ती खाली टेकवली, आवाज न करता, बोटं मधे न येऊ देता. ती ताईकडे बघत होती. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. मग तिने पिशवीचा पट्टा खांद्यावर नीट केला, दोन पायऱ्या उतरली आणि ट्रकच्या दिशेने चालायला लागली.